पाच माणसं, भरलेली डिकी आणि २२५ हॉर्सपॉवर

स्पर्धेची अट चार-पाच ओळींची होती. साल १९९६. पाच जणांची गाडी, ९५ ऑक्टेनचं (हा आकडा जेवढा मोठा तेवढं पेट्रोल दाबाखाली अवेळी पेटत नाही) शिसेविरहित पेट्रोल, किमतीला वरची मर्यादा, आणि गिऱ्हाईक म्हणजे दोन लहान मुलांचे आईवडील. त्यांच्याकडे दोन दारांची वेगवान गाडी आहे, ती आता विकावी लागणार आहे, आणि त्यांना तिचं वाईट वाटतंय. ती विकल्यावर त्यांनी जी गाडी घ्यावी ती तुम्ही तयार करून पाठवा.

हे सगळं कॉम्प्युटरवर चालतं. ‘ऑटोमेशन’ नावाचा गेम आहे, कॅमशाफ्ट सॉफ्टवेअर या कंपनीचा. त्यात तुम्ही गाडी बनवता. इंजिनाचा ब्लॉक कशाचा, सिलिंडर किती, बोअर-स्ट्रोक (सिलिंडरची रुंदी आणि पिस्टनची धाव) काय, कॅम (झडपा उघडणारा दांडा) कसा, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) केवढा, सगळं तुम्हीच ठरवायचं. तसंच चासी, सस्पेन्शन, गिअर, टायर, ब्रेक, सीट, वरचा पत्रा आणि दिवे. एक गोष्ट बदलली की बाजूला दहा आकडे हलतात: चालवायला सोपी किती, स्पोर्टी किती, आरामदायक किती, सुरक्षित किती, भरवशाची किती, आणि बनवायला खर्च किती. जगभरचे हौशी लोक आपापल्या काल्पनिक कंपन्यांच्या गाड्या अशा स्पर्धांना पाठवतात. आयोजक त्या गिऱ्हाइकाच्या जागी बसून एकेक गाडी तपासतो, न पटलेल्या बाद करतो आणि का बाद केल्या ते सविस्तर लिहितो.

मी भोसरी एमआयडीसीत कॉस्टिंग बघते. आमच्याकडे ब्रेकच्या डिस्क मशीन होतात. माझा भाचा मेकॅनिकलला तिसऱ्या वर्षाला आहे, या नादाला मला त्यानेच लावलं. इंजिन आणि पत्रा त्याच्याकडे, सस्पेन्शन, ब्रेक आणि पैसे माझ्याकडे, अशी आमची वाटणी. आणि बाबा. ते टेल्कोतून निवृत्त झालेत (आजही ते टाटा मोटर्स म्हणत नाहीत) आणि स्क्रीनवरची गाडी असली तरी तिच्याकडे पासिंगला आलेल्या गाडीसारखं बघतात.

वेगवान फॅमिली गाडी हा प्रकार मला मनापासून आवडतो. स्पोर्ट्स कार बनवणाऱ्याला एकाच गोष्टीकडे बघायचं असतं, इथे मात्र मागच्या सीटवर कोणीतरी बसलेलं असतं. १९८५ साली बीएमडब्ल्यूने पहिली एम-५ काढली, तिच्यात त्यांच्या एम-१ या स्पोर्ट्स कारच्या घराण्यातलं साडेतीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं, २८६ हॉर्सपॉवरचं, आणि वरचा पत्रा मात्र डॉक्टर-वकिलाच्या घरासमोर उभ्या असलेल्या साध्या गाडीचा. १९९० ची लोटस कार्लटन ३७७ हॉर्सपॉवरची होती. चार दारांच्या घरगुती गाडीला एवढा वेग कशाला, म्हणून ब्रिटनमध्ये तिच्याविरुद्ध ओरड झाली होती. त्याच वर्षी आलेली मर्सिडीज ५०० ई ही डब्ल्यू-१२४ या मॉडेलवर बेतलेली. तिचे चाकांवरचे पत्रे इतके रुंद केले होते की मर्सिडीजच्या नेहमीच्या लाइनवर ती बसेना, म्हणून बरंचसं काम पोर्शच्या झुफेनहाउझनच्या कारखान्यात होत असे. डब्ल्यू-१२४ म्हटलं की बाबांचे डोळे चमकतात, कारण १९९५ साली मर्सिडीज भारतात आली ती हेच मॉडेल घेऊन, आणि त्या गाड्या पिंपरीतच, टेल्कोच्या आवारात बनत. ५०० ई इथे नाही बनली. पण तिचा सांगाडा ज्यांनी जवळून पाहिला अशी माणसं पिंपरी-चिंचवडात आहेत, याचा मला अभिमान आहे.

आपल्याकडे या जातीची गाडी अगदी झालीच नाही असंही नाही. रांजणगावच्या कारखान्यातून २०१० साली फियाटची लिनिया टी-जेट बाहेर पडली. १४०० सीसीच्या आतलं टर्बो पेट्रोल इंजिन, ११४ हॉर्सपॉवर, २०७ न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे चाक फिरवणारी ओढ), चारही चाकांना डिस्क, आणि मागे आजी-आजोबा आरामात बसतील एवढी जागा. आकडे बघून लोकांनी नाकं मुरडली, पण एक्स्प्रेसवेवर भरल्या गाडीत ती ज्या शांतपणे चालायची ते त्या किमतीत दुसऱ्या कोणाला जमलेलं मी पाहिलं नाही. आमच्या गाडीचा आदर्श कोणता, असं भाच्याने विचारलं तेव्हा त्याला वाटलं मी एम-५ म्हणेन. मी टी-जेट म्हटलं.

पहिला वाद झाला तो कुठून सुरुवात करायची यावर. भाच्याने आल्या आल्या इंजिन उघडलं. बहुतेक सगळे तसंच करतात. मी त्याला थांबवलं आणि वजन मागितलं.

“मावशी, अजून गाडीच नाहीये, वजन कुठून आणू?”

“गाडीचं नको, माणसांचं दे.”

पाच माणसं, प्रत्येकी ७५ किलो धरली तर ३७५. डिकीत ५० किलो सामान. झाले ४२५. बाकीचे स्पर्धक गाडी रिकामी धरून सगळे आकडे बसवणार हे मला माहीत होतं, कारण स्क्रीनवर दिसतात ते आकडे रिकाम्या गाडीचे. पण अटीतल्या आईवडिलांची गाडी रिकामी कधी असणार? ऑफिसला जाताना. बाकी वेळ ती भरलेलीच असेल. त्यामुळे आम्ही ठरवलं की आपली गाडी भरलेली असताना चांगली चालली पाहिजे, आणि रिकामी असताना थोडी कडक लागली तरी चालेल.

मागे सलग टप असलेली इस्टेट करायची हे त्यातूनच ठरलं. इस्टेटचं नाव काढताच बाबांनी खुर्ची ओढली. १९९२ साली आलेली टाटा इस्टेट त्यांच्या डोळ्यांसमोर तयार झालेली. १.९ लिटरचं डिझेल इंजिन, ७० च्या आत हॉर्सपॉवर, पण पॉवर विंडो होत्या, आणि रस्त्याने गेली की लोक वळून बघायचे. आपल्याकडे इस्टेट कधी रुजली नाही. इंडिगो मरीना आली, बलेनो अल्टुरा आली, ओपेलची स्विंग आली, सगळ्या गेल्या. सेडानची डिकी वेगळी काढलेली असली की गाडी ‘पूर्ण’ वाटते, असं आपल्या लोकांचं मत. युरोपात मात्र नव्वदच्या दशकात इस्टेटला सोन्याचे दिवस होते. १९९४ साली व्होल्वोने ८५० इस्टेट चक्क ब्रिटिश टूरिंग कार शर्यतीत उतरवली. त्याच वर्षी ऑडीची आरएस-२ आली, २.२ लिटर, पाच सिलिंडर, टर्बो, ३१५ हॉर्सपॉवर, आणि मागे कुत्रा किंवा कपाट जे हवं ते मावेल एवढी जागा. तेव्हा १९९६ साठी इस्टेट अगदी चपखल.

आता सस्पेन्शन. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण गाडीचा स्वभाव इथे ठरतो.

आमची रिकामी गाडी दीड टनाची बसत होती. मागच्या प्रत्येक चाकावर स्प्रिंगने तोलायचं वजन साधारण ३०० किलो. भरल्यावर ४२५ पैकी ३०० किलो मागच्या बाजूला जातं, म्हणजे एकेका चाकावर १५० ची भर. गेमने सुचवलेली मागची स्प्रिंग चाकापाशी मोजली तर मिलिमीटरला २५ न्यूटन ताकदीची होती. कागदावर गणित केलं: मागच्या दोन चाकांवर मिळून ३०० किलो टाकले की गाडी मागून ५९ मिलिमीटर बसते. चाकाला वर यायला जागा सगळी मिळून ८० च्या आसपास. उरले २१. एवढ्यावर कात्रजच्या जुन्या घाटातला एक खड्डा निभावणार नाही, चाक थेट रबराच्या ठोकळ्यावर आपटणार, आणि मागे बसलेल्यांचं डोकं टपाला. शिवाय मागून बसलेली गाडी पुढून उचलते, दिवे समोरच्याच्या डोळ्यात जातात, आणि वळणावर पुढची चाकं हलकी पडतात.

स्प्रिंग ३० न्यूटनची केली तर गाडी ४९ मिलिमीटर बसते. दहाच मिलिमीटरचा फरक, पण शिल्लक जागा २१ वरून ३१ वर जाते, म्हणजे दीडपट.

मग प्रश्न आला आरामाचा. स्प्रिंगवर गाडी सेकंदाला किती वेळा वर-खाली होते त्यावर आराम ठरतो. साधारण एक ते दीड हर्ट्झमध्ये माणसाला बरं वाटतं. आमची मागची बाजू नव्या स्प्रिंगवर रिकामी असताना १.५९ हर्ट्झ झाली, जरा कडक. भरल्यावर १.३०, म्हणजे छान. पुढची बाजू आम्ही रिकामी १.२५ ला ठेवली होती, भरल्यावर ती १.१६ च्या आसपास जाते. मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी जलद का हवी याचं उत्तर मॉरिस ओली नावाच्या इंजिनिअरने १९३० च्या दशकात अमेरिकेत शोधून काढलं. उंचवट्यावरून आधी पुढची चाकं जातात, मग मागची. मागची बाजू थोडी जलद हलली तर ती पुढच्या हालचालीला गाठते आणि दोन्ही टोकं एकत्र शांत होतात. नाहीतर गाडी नावेसारखी डुलत राहते. गेमच्या स्प्रिंगवर भरलेल्या गाडीत हा फरक जवळजवळ संपत होता, १.१९ आणि १.१६. आमच्या स्प्रिंगवर तो टिकला. सोसायटीच्या फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंत ज्यांच्या वाट्याला एकापाठोपाठ एक स्पीडब्रेकर येतात त्या पुणेकरांना हे गणित समजावून सांगावं लागू नये.

भाचा हे सगळं ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, “मावशी, आता इंजिन उघडू का?”

उघडलं. त्याला पाच सिलिंडर हवे होते. मी चार सिलिंडर, दोन लिटर, ८६ बाय ८६ असा स्वस्त आणि सरळ पर्याय मांडून ठेवला होता. त्याने पाचाच्या बाजूने केलेला युक्तिवाद मला पटला. चार सिलिंडरमध्ये दोन स्फोटांच्या मधे क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) १८० अंश फिरतो, पाचमध्ये १४४. म्हणजे एक धक्का पुरता ओसरायच्या आत दुसरा सुरू होतो, खालच्या आरपीएमला इंजिन गुळगुळीत ओढतं, आणि १-२-४-५-३ या क्रमामुळे तो एक खास घुमणारा आवाज येतो जो सहा सिलिंडरला नाही आणि चारला तर नाहीच. गिऱ्हाइकाला जुनी गाडी सोडल्याचं दुःख आहे, त्याला कानाने तरी काही द्यायला हवं, असं त्याचं म्हणणं. इंजिन आडवं बसवलं तरी पाच सिलिंडर मावतात हे व्होल्वोने ८५० मध्ये करून दाखवलेलंच होतं.

बोअर ८२, स्ट्रोक ८६, एकूण २२७१ सीसी. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियमचा ब्लॉक घेतला असता तर नाकावरचं वजन कमी झालं असतं, पण पैसे कुठे घालायचे हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं आणि त्यात ब्लॉक नव्हता. टर्बो लहान घेतला. मोठ्या टर्बोने शिखरावरचा आकडा वाढतो आणि जाहिरातीत चांगला दिसतो, पण भरलेली गाडी घेऊन खंबाटकीच्या चढावर ट्रकच्या मागे अडकलेल्या माणसाला २२०० आरपीएमला टॉर्क हवा असतो. आमच्या इंजिनात ३१० न्यूटन-मीटर २२०० ते ५००० पर्यंत सपाट मिळाला. टॉर्कला आरपीएमने गुणून ९५४९ ने भागलं की किलोवॅट मिळतात. ५००० ला १६२ किलोवॅट, म्हणजे २२० हॉर्सपॉवर. पुढे टॉर्क उतरायला लागला तरी ५५०० ला २२५ च्या जवळ गेलं. भाच्याला २५० हवे होते, आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, वाढवून ते निघालेही असते. पण बूस्ट वाढवला की नॉकिंग सुरू होतं. ठिणगीने लागलेली ज्योत पोचायच्या आत उरलेलं दाबलेलं मिश्रण स्वतःच पेट घेतं, पिस्टनवर हातोडा पडल्यासारखा. गेम ते तांबड्या रंगात दाखवतो. मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबायचं ते प्रमाण) उतरवा, मिश्रण दाट करा, ॲव्हरेज घालवा. आम्ही कॉम्प्रेशन ८.८ आणि बूस्ट ०.७ बार वर थांबलो.

पेट्रोलचं एक सांगायला हवं. १९९६ चं ९५ ऑक्टेन म्हणजे युरोपातली गोष्ट. भारतात शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं ते एप्रिल १९९५ पासून, तेही आधी चार महानगरांत. पुण्यात बनलेली आमची काल्पनिक गाडी तेव्हा पुण्यातच नीट चालली नसती. बाबांना हे फार लागलं. म्हणून कंपनीची जी कथा गाडीबरोबर पाठवायची असते तिच्यात आम्ही तिला निर्यातीची गाडी केलं. १९९३ साली मोटारींवरचं लायसन्स राज संपलं, चिंचवडच्या एका टेम्पोच्या चासी बनवणाऱ्या कारखान्याने धाडस केलं, आणि गाडी युरोपात पाठवली, अशी ती कथा. गाडीचं नाव भीमथडी. ते बाबांनी सुचवलं आणि त्यावर कोणाचंच दुमत झालं नाही.

पुढच्या चाकांना ताकद द्यायची की चारही चाकांना, यावर मात्र रात्री उशिरापर्यंत चाललं. चारही चाकांना दिली तर जवळजवळ शंभर किलो वाढतात, ॲव्हरेज पडतं, डिकीचा तळ वर येतो. पुढच्याच चाकांना दिली तर ३१० न्यूटन-मीटर स्टिअरिंग हातातून ओढून घेऊ बघतात. आम्ही पुढचीच चाकं ठेवली आणि दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलला स्लिप रोखणारा प्रकार घेतला. पावसात लोणावळ्याला जाणाऱ्या माणसाला चारही चाकं बरी, हे भाच्याचं म्हणणं मला आजही खोडून काढता येत नाही. मी फक्त खर्चाचा तक्ता पुढे सरकवला.

कारण त्या तक्त्यात ब्रेकसाठी राखून ठेवलेली जागा मला कोणालाही द्यायची नव्हती.

आमच्या शॉपमध्ये डिस्क बिडाच्या कास्टिंगवरून येते, करडी आणि खरखरीत. लेथवर चढली की बिडाचा काळा भुगा उडतो, तो हातावर, कपाळावर, डब्याच्या झाकणावर बसतो. मशीन झाल्यावर ती गोल फिरवून डायल गेज लावतात. काटा केसभर जास्त हलला तरी ती डिस्क बाजूला, कारण तेवढ्याशा वाकडेपणाने पुढे पेडल पायाखाली थरथरतं. मी रोज तिचा भाव काढते. एका साध्या डिस्कच्या आणि मधून हवा खेळणाऱ्या व्हेंटिलेटेड डिस्कच्या भावात फरक कशाने पडतो ते मला पाठ आहे: आतल्या पोकळीसाठी कास्टिंगमध्ये वेगळी कोअर (साच्याच्या आत बसवायचा ठोकळा) लागते, रिजेक्शन वाढतं, वजन वाढतं. आणि तरीही ती का घ्यावी याचं गणित सांगते.

भरलेली भीमथडी १९२५ किलोची. ताशी १६० वरून थांबवायची तर ब्रेकला साधारण १९ लाख ज्यूल उष्णता गिळावी लागते. हे ऐकायला मोठं वाटतं. आता तीच गाडी लोणावळ्याहून खोपोलीला उतरवा. लोणावळा समुद्रसपाटीपासून ६२० मीटरच्या आसपास, खोपोली साठ-सत्तर. साडेपाचशे मीटरची उतरण. एवढ्या वजनाची गाडी तेवढी खाली आली की एक कोटीवर ज्यूल कुठेतरी जायला हवेत. थोडे वारा घेतो, थोडे इंजिन घेतं, जर गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर. बाकीचे सगळे डिस्कमध्ये. पाच वेळा १६० वरून थांबण्याएवढी ही उष्णता आहे, फक्त ती हळूहळू येते, आणि मधे थंड व्हायला उसंत नसते. म्हणून घाटाच्या खालच्या वळणावर लायनरचा जळका वास येतो आणि पेडल खोल जातं. स्क्रीनवरची गाडी रिकामी असते, सपाटीवर एकदा थांबते, आणि ब्रेकच्या आकड्यासमोर सगळं हिरवं दिसतं. पाच माणसांची गाडी बनवणाऱ्याने त्या हिरव्या रंगावर समाधान मानू नये, एवढं मी नक्की सांगेन.

पुढे २९० मिलिमीटरच्या व्हेंटिलेटेड डिस्क घेतल्या. त्यासाठी १६ इंची चाक लागलं, म्हणून टायरची भिंत थोडी बुटकी झाली, म्हणून आराम थोडा गेला, म्हणून सीटवर जास्त खर्च करावा लागला. अशी साखळी लागते. मागेही व्हेंटिलेटेडच घेतल्या. १९९६ च्या या भावातल्या गाडीला मागे तशा डिस्क म्हणजे चैन, पण भरलेल्या इस्टेटचं मागचं चाक हलकं नसतं, ते बरंच काम करतं.

एवढं झाल्यावर पैसे मोजले तेव्हा आम्ही मर्यादेच्या वर होतो. मी रोज जे करते तेच केलं, खालून वर गेले. रेडिओ उतरवला. आतलं लेदर काढून चांगलं कापड घेतलं. सनरूफ गेलं. भाच्याला एकेक गोष्ट जाताना वाईट वाटत होतं, पण एअरबॅग आणि एबीएसला हात लावायचा नाही यावर तो माझ्याही आधी बोलला.

बाहेरचं रूप सगळं त्याचं. गेममध्ये तयार सांगाडे मिळतात, ते ताणून-दाबून आपला आकार काढायचा, मग दिवे, जाळी, हँडल, वायपर सगळं एकेक करून चिकटवायचं. त्याने टपाला मागून धरणाऱ्या खांबाचा कोन ठरवायला जो वेळ घेतला तेवढ्यात माझं संपूर्ण सस्पेन्शन झालं होतं. खांब फार सरळ ठेवला तर गाडी रुग्णवाहिका दिसते, फार तिरका केला तर डिकीचं तोंड लहान होतं आणि इस्टेट घेण्याला अर्थ राहत नाही. शेवटी जो कोन निघाला तो सुंदर आहे. बाजूने बघितलं तर टपाची रेघ मागच्या दरवाजापाशी किंचित उतरते आणि खिडकीची रेघ तेवढीच चढते. पुढचा चेहरा मला थोडा जास्त रागीट वाटला होता. बाबांनी बोनेटवर बोट ठेवून विचारलं, “अरे, पाणी कुठून घालायचं? रेडिएटरला हात पोचतो का?” त्यावर त्याने खरोखर बोनेटची फट पुढे आणली.

ऑटोमेशनची गाडी ‘बीमएनजी’ नावाच्या दुसऱ्या गेममध्ये नेऊन चालवता येते. तिथे पत्रा वाकतो, चाक निखळतं, सगळं खऱ्यासारखं. त्यात इटलीचा एक नकाशा आहे, डोंगरातले अरुंद रस्ते, दगडी कठडे, एकामागून एक हेअरपिन. भीमथडी तिथे नेली. भाच्याने आधी रेटून चालवली आणि चढावर दुसऱ्या गिअरमध्ये बूस्ट भरताना तो पाच सिलिंडरचा आवाज आला तेव्हा आम्ही तिघंही गप्प बसून ऐकलं. मग मी चालवली, माझ्या पद्धतीने, मागे बाबा बसलेत असं समजून. वळणात शिरताना पुढून थोडी बाहेर सरकते, पाय किंचित उचलला की परत रेषेत येते, धसमुसळेपणा नाही. स्प्रिंग रिकाम्या गाडीला कडक लागते हे जाणवलं. ते आम्ही जाणूनबुजून घेतलेलं होतं.

निकाल लागला तेव्हा भीमथडी शेवटच्या चार गाड्यांत होती. जिंकली एक व्ही-६ इंजिनाची चार चाकांना ताकद देणारी सेडान, आमच्यापेक्षा ३० हॉर्सपॉवर जास्त आणि आतून फार देखणी. तिचं जिंकणं रास्त होतं, अटीतल्या आईवडिलांना आपण काही गमावलं नाही असं त्या गाडीत बसल्या बसल्या वाटलं असतं. आमच्या गाडीबद्दल आयोजकाने इंजिनाचं आणि मागच्या खांबाचं कौतुक केलं होतं (भाचा दोन दिवस हवेत होता), ब्रेक या यादीत सर्वांत चांगले असं लिहिलं होतं, आणि रिकामी गाडी खडबडीत रस्त्यावर कडक लागते म्हणून गुण कापले होते. शेवटी त्याने एक प्रश्न विचारला होता: एवढा भरलेल्या गाडीचा विचार केला, तर मागची बाजू आपोआप समपातळीत ठेवणारं सस्पेन्शन का घेतलं नाही? प्रश्न बरोबर आहे. मर्सिडीजच्या डब्ल्यू-१२४ च्या इस्टेटमध्ये ते होतंच, आणि त्याने स्प्रिंग मऊ ठेवूनही मागची बाजू बसली नसती.

मी त्याला खर्चाचा तक्ता पाठवला. त्या सस्पेन्शनला जेवढे पैसे लागत होते त्यात आमच्या मागच्या दोन व्हेंटिलेटेड डिस्क आणि एबीएसचा काही भाग आला होता. दोन्ही बसत नव्हतं. पुन्हा तीच मर्यादा आणि तीच दोन मुलं असतील, तर पुन्हा डिस्कच घेईन.